झाडीतले घर: आधी मुळे आणि पाणी, मग नकाशा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

झाडीतल्या जमिनीवर दगड-लाकडाचे, शेतघराच्या वळणाचे घर बांधण्याची हौस वाढते आहे आणि पुरवण्यांतून अशा घरांची देखणी छायाचित्रेही येत असतात. उघड्या तुळया, दगडी धुराडे, रुंद पडवी, मागे गर्द झाडी. सोबतच्या मजकुरात रंग, दिवे, फर्निचर यांची माहिती भरपूर असते. पण जमिनीत दोन फुटांवर काय आहे आणि छपरावरून पडलेले पाणी कुठे जाते, याबद्दल एक ओळही नसते. अशा घरांची बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मूळ चूक क्रमाची आहे. कुटुंब आधी घराचा नकाशा पसंत करते, मग तो झाडीत बसवायला जाते आणि आड येतील ती झाडे पाडते. झाडीत बांधायचे तर पहिला कागद झाडांचा हवा. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर, सहा इंचांहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक द्यावा. जात, व्यास, फांद्यांचा घेर, खोडाचा झुकाव, पोकळी, बुंध्याशी उगवलेली अळंबी हे सगळे नोंदवावे आणि ती झाडे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर मांडावीत. नंतर भर पावसात तीच जागा पायी फिरावी. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे माती वाहते, हे कोरड्या दिवशी कुणालाही दिसत नाही. जागा घेतल्यावर निदान एक मोठा पाऊस आणि एक पानगळ पाहिल्याशिवाय घराची जागा ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता मुळांविषयी. झाडाची मुळे खोडाइतकीच खोल जातात, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेर दूरवर पसरतात. जपायचे क्षेत्र ठरवण्याचा सोपा हिशेब असा: छातीच्या उंचीवरच्या खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ. दीड फूट व्यासाच्या झाडाभोवती १८ फूट. त्या वर्तुळात खणायचे नाही, भराव टाकायचा नाही, वाळू-खडी रचायची नाही, वाहन न्यायचे नाही. पायाच्या चराबाहेर गवंड्यांना वावरायला दोन-तीन फूट लागतात, तेही धरावे. म्हणजे त्या झाडापासून घराची भिंत २० फुटांच्या आत येत नाही.

हे पाळले नाही तर झाड लगेच मरत नाही, हीच खरी अडचण. ट्रक आणि खोदयंत्र दोन-चार वेळा फिरले की मातीतली हवेची छिद्रे दाबली जातात. मुळांना प्राणवायू मिळत नाही, पाणी मुरत नाही. झाड साठवलेल्या अन्नावर तग धरते, शेंड्याकडून वाळू लागते आणि तीन ते सात वर्षांत उभेच्या उभे सुकते. तोवर कंत्राटदार कधीच निघून गेलेला असतो आणि दोष किडीला दिला जातो. सपाटीकरणासाठी बुंध्याशी टाकलेल्या अर्ध्या फुटाच्या चिकणमातीच्या भरावानेही हेच होते. मिक्सर धुतलेले सिमेंटचे पाणी झाडाखाली ओतणे तर विष घालण्यासारखे आहे. ते तीव्र अल्कधर्मी असते.

म्हणून पहिले यंत्र जागेवर येण्याआधी वर्तुळाच्या कडेने खांब ठोकून पक्के कुंपण घालावे. नुसती रंगीत फीत बांधून उपयोग नाही, ती दुसऱ्या दिवशी तुटते. कुठे वर्तुळातून वाहन नेणे अगदीच टळत नसेल तर लाकडाच्या ढलप्यांचा फूटभर थर आणि त्यावर जाड फळ्या किंवा लोखंडी पत्रे टाकून वाट करावी आणि काम संपताच काढून घ्यावी. कंत्राटात प्रत्येक क्रमांकाच्या झाडाची नुकसानभरपाई लिहून घ्यावी. हे कलम नसेल तर कुंपण आठवडाभरही टिकत नाही.

कोणती झाडे ठेवायची, हाही विचाराचा भाग आहे. दाट झाडीत वाढलेले झाड उंच, सडपातळ आणि वरच्या टोकाला थोडा पर्णभार असलेले असते. त्याच्या शेजाऱ्यांनी वारा अडवलेला असतो. आजूबाजूचे सगळे पाडून अंगणात शोभेला असे एकच झाड ठेवले तर पहिल्याच वादळात ते मुळासकट कोसळण्याची भीती असते, शिवाय सावलीत वाढलेली साल अचानक उन्हात आल्याने भाजते. एकटे झाड ठेवण्यापेक्षा पाच-सात झाडांचा गट ठेवावा. पोकळ, झुकलेले, बुंध्याशी कुजलेले झाड घरावर पडेल इतक्या अंतरावर असेल तर माया न करता काढावे. आणि काढलेल्या झाडाचे खोडके घराच्या जागेत कधीही पुरू नये. ते कुजते, जमिनीत पोकळी होते, फरशी खचते आणि वाळवीला आयते घर मिळते.

पाडलेल्या झाडांचे लाकूड त्याच घरात वापरण्याची कल्पना चांगली आहे, फक्त त्यासाठी वेळ द्यावा लागतो. जुना ठोकताळा असा की उघड्या हवेत लाकूड सुकायला जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष. म्हणजे दोन इंची फळीला दोन वर्षे. झाड पाडले की लगेच, साल असतानाच, ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा, कारण टोकाकडून पाणी फार वेगाने उडते आणि तडे तिथूनच सुरू होतात. फळ्या कापून जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, सपाट पाटावर रचाव्यात. दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दर दीड-दोन फुटांवर, आणि त्या एकाखाली एक, सरळ ओळंब्यात. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळी लहरत सुकते आणि ती लहर रंध्याने जात नाही. वर पत्रा, बाजू मोकळ्या, माथ्यावर वजन. सालीलगतच्या फिकट लाकडात भुंगा लवकर शिरतो. त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण ओल्या लाकडावरच लावावे, तेव्हा ते आत मुरते.

लाकूड सुकले की नाही हे हाताला कळत नाही. आर्द्रतामापक हे छोटे यंत्र सुतारापेक्षा मालकाने जवळ ठेवावे. २० टक्क्यांच्या खाली लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही. आतल्या जमिनीच्या फळ्यांना मात्र ८ ते १२ टक्के हवेत. हिरव्या, म्हणजे न सुकलेल्या, लाकडातली आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांखाली उतरू लागली की ते आकसू लागते, तेही सगळ्या दिशांना सारखे नाही. लांबीत जवळजवळ शून्य, आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जितके आकसते त्याच्या साधारण निम्मे गाभ्याच्या दिशेने. दहा इंच रुंदीची हिरवी फळी सुकताना जातीनुसार पाव ते अर्धा इंच अरुंद होते. वीस फळ्यांच्या जमिनीत पाच ते दहा इंच कुठे गेले, हा प्रश्न मग गृहप्रवेशानंतर पडतो.

जाड तुळयांची गोष्ट वेगळी. आठ इंची तुळई पूर्ण सुकण्याची वाट कुणी पाहत नाही. ती हिरवी असतानाच घडवतात. तिला तडे जाणारच. लांबीच्या दिशेने, गाभ्याकडे गेलेला तडा बहुधा ताकद फारशी कमी करत नाही. काळजी करावी ती तिरकस रेषेत तुळई ओलांडणाऱ्या आणि सांध्यातून किंवा बोल्टमधून जाणाऱ्या तड्याची. सांधा कूस-खुंटीचा, म्हणजे एका लाकडाची जीभ (कूस) दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार खुंटी ठोकलेला, असेल तर खुंटी पूर्ण सुकलेली हवी आणि कुशीतले भोक खांद्याकडे किंचित, एक अष्टमांश इंच, सरकवलेले हवे. खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो आणि तुळई सुकली तरी सुटत नाही. घरच्या झाडाच्या तुळया वापरताना त्यांचा आकार अभियंत्याकडून ठरवून घ्यावा. गाठी किती, लाकडाच्या रेषा किती तिरक्या, यावर एकाच जाडीच्या दोन तुळयांची ताकद खूप वेगळी असते.

आडव्या ओंडक्यांची भिंत करायची असेल तर ती बसते, हे ध्यानात ठेवावे. हिरव्या ओंडक्यांची आठ फुटी भिंत पहिल्या काही वर्षांत चार ते सहा इंच खाली येते. दारे-खिडक्यांच्या चौकटींवर तेवढी फट ठेवून ती आतून मऊ भरतीने आणि बाहेरून एका बाजूनेच ठोकलेल्या पट्टीने झाकावी. आतल्या उभ्या खांबांखाली फिरकीचे जॅक बसवून ते वेळोवेळी उतरवावे लागतात, कारण उभा खांब लांबीत आकसत नाही. हे विसरले की काचा तडकतात आणि छप्पर खांबांवर टांगून राहते.

बहुतेक कुटुंबांना सोयीची पडते ती सांगाड्यावर उभ्या फळ्या आणि सांध्यांवर पट्ट्या, अशी भिंत. दिसायला सगळ्यांत सोपी आणि तरी सगळ्यांत जास्त वेळा चुकवली जाणारी. फळी एक इंच जाड, आठ ते दहा इंच रुंद. दोन फळ्यांत अर्ध्या इंचाची फट. वर अडीच-तीन इंची पट्टी. दर दोन फुटांवरच्या आडव्या आधाराला फळी मधोमध एकाच खिळ्याने ठोकावी. पट्टीचा खिळा फळ्यांमधल्या फटीतून थेट आधारात जायला हवा, फळीतून नव्हे. फळीला दोन्ही कडांना खिळे मारले की ती आकसताना तिला सरकायला जागा उरत नाही आणि ती मधून उभी चिरते. खिळे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस; ओकसारख्या टॅनिन जास्त असलेल्या लाकडात साधा खिळा गंजतो आणि खाली काळे ओघळ सोडतो. फळ्यांमागे पाऊण इंच पोकळी हवी, खालून-वरून हवा खेळणारी आणि जाळी लावलेली. आडव्या पट्ट्या थेट भिंतीवर ठोकल्या तर त्या हवेची वाट अडवतात. त्यांच्याखाली आधी उभ्या पट्ट्या घ्याव्यात. जाड चकचकीत रंगापेक्षा आत मुरणारे तेल बरे. रंगाचा पापुद्रा फुटला की पाणी मागे अडकते आणि लाकूड झाकलेल्या जागीच कुजते. फळीचे खालचे टोक मात्र बसवण्यापूर्वी तेलात बुडवून घ्यावे, नंतर तिथे हात पोचत नाही.

पायाकडे येतो. झाडीत सलग चराचा पाया शेकडो मुळे कापत जातो. खांबांचा पाया आणि त्यावर काँक्रीटची तुळई हा पर्याय इथे बहुधा योग्य. वरचे दोन फूट हाताने खणावेत. दोन इंचांहून जाड मूळ लागले तर ते तोडण्यापेक्षा खांब थोडा सरकवता येतो का, ते अभियंत्याला विचारावे. तुळईचा तळ जमिनीपासून तीन-चार इंच वर राहिला की मुळे आणि फुगणारी माती दोन्हींना जागा मिळते. चिकणमातीत आणखी एक गोष्ट घडते. मोठे झाड रोज पाणी ओढून माती आकसलेली ठेवते. ते पाडले की माती हळूहळू पाणी पिते आणि फुगून पाया वर उचलते. म्हणून तिथे माती-परीक्षणाशिवाय पुढे जाऊ नये. तीन-चार ठिकाणी सहा ते आठ फूट खोल खड्डे घेऊन थर पाहावेत. थंड प्रदेशात पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली जायला हवा.

घराखालच्या पोकळीत माणूस सरपटत जाईल इतकी, दीड-दोन फूट तरी, उंची ठेवावी आणि मातीवर जाड प्लास्टिक अंथरावे. लाकडाचा कोणताही भाग जमिनीपासून आठ इंचांच्या आत येऊ नये. पडवीचा खांब थेट फरशीवर टेकवणे ही या प्रकारच्या घरांतली सर्वांत नेहमीची चूक आहे. लाकडाचे कापलेले टोक स्पंजासारखे पाणी ओढते. खांब लोखंडी बुटावर, फरशीपासून निदान एक इंच वर उभा करावा. खांबांवर बसवलेले पत्र्याचे टोप वाळवी थांबवत नाहीत, पण तिला मातीची नळी उघड्यावर बांधायला लावतात, म्हणजे ती दिसते. त्यासाठी जोत्याभोवतीची जागा मोकळी ठेवून वर्षातून दोनदा पाहावी लागते.

दगडी भिंत हवी असेल तर तिचे वजन आधी समजून घ्यावे. दीड फूट जाड आणि दहा फूट उंच भिंत एका फूट लांबीला एक टनाहून जास्त भरते. म्हणून दगडी धुराड्याला स्वतःचा वेगळा पाया लागतो. तो घराच्या पायाला जोडला की दोघे वेगवेगळे खचतात आणि सांध्याला भेग पडते. भिंतीच्या आरपार जाणारे दगड दर पाच फुटांवर आणि उंचीला दर दोन फुटांनी घातले नाहीत, तर आतली आणि बाहेरची बाजू सुटी होऊन भिंत पोट काढते. मऊ दगडाच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यातच भराव्यात. कडक सिमेंटमागे ओल अडकते आणि मग दर्ज टिकते, दगड झिजतो.

छप्पर साधे असावे. दोन पाखी, एक आढे. झाडीत पानगळ सतत असते आणि दोन पाखी जिथे आत वळून मिळतात त्या घळीत पाने साचून बांध घालतात. पाणी पत्र्याखाली उलटे चढते. वास्तुरचनाकाराने हौसेने काढलेली प्रत्येक छोटी खिडकीवजा पाखी म्हणजे दोन नव्या घळी. चढ दर फुटाला सहा ते आठ इंच, वळचण दोन ते तीन फूट. १,५०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की साडेतीन हजार लिटर पाणी उतरते. ते पन्हळीतून नेणार असाल तर पन्हळ शिडी लावून हाताने साफ करता येईल अशीच हवी. साफ होणार नसेल तर पन्हळ न लावता वळचणीखाली दोन-तीन फूट रुंदीचा खडीचा पट्टा आणि त्याखाली जाळीदार कापडात गुंडाळलेली चार इंची सच्छिद्र नळी, शंभराला एक उतारावर, हे जास्त प्रामाणिक काम करते. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरती हवी. चढाच्या बाजूने येणारे पाणी घरापर्यंत पोचण्याआधीच चराने वळवावे.

सांडपाण्याचा विचार शेवटी होतो, खरे तर तो घराची जागा ठरवतो. जिथे शोषचर, म्हणजे सांडपाणी मातीत मुरवणारे चर, घ्यायचे तिथे, त्याच खोलीपर्यंत, फूटभर रुंद खड्डा खणून आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशी सहा इंच पाणी घालून एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते मोजावे. तासाहून जास्त लागला तर ती माती सांडपाणी शोषणार नाही. पाच मिनिटांहून कमी लागला तर ते न गाळताच भूजलात जाईल. विहिरीपासून १०० फूट अंतर, मोठ्या झाडांपासून दूर, आणि तेवढीच दुसरी जागा पुढच्या काळासाठी राखीव. बांधकामाचा माल रचायला मोकळी दिसते म्हणून नेमकी हीच जागा वापरली जाते आणि दबून निकामी होते. तिलाही झाडांसारखेच कुंपण घालावे.

रस्ता आधी करावा: १२ फूट रुंद, वर १४ फूट मोकळे, विणलेल्या कापडावर आठ-दहा इंच खडी. वरचा शेवटचा थर घर झाल्यावर. वीज आणि पाणी रस्त्याच्या कडेने एकाच चरातून आणावे. वाटेत मुळे असतील तिथे तीन फुटांखालून आडवे छिद्र पाडून नळी सरकवता येते.

आगीविषयी मात्र घाईने लिहिता येत नाही. वणव्यात घरे बहुधा ज्वाळांनी नव्हे, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून भिंतीभोवती पाच फूट पट्ट्यात जळण्यासारखे काहीही नको. तिथे खडी किंवा फरशी. ३० फुटांपर्यंत झाडांच्या खालच्या फांद्या सहा ते दहा फूट उंचीपर्यंत छाटलेल्या, दोन गटांच्या शेंड्यांत दहा फूट अंतर, वाळली पाने उचललेली. हवेच्या झरोक्यांना एक अष्टमांश इंची धातूची जाळी. धुराडे छपरातून जिथे बाहेर येते तिथून तीन फूट उंच आणि दहा फुटांच्या परिघातल्या छपराच्या कोणत्याही भागाहून दोन फूट उंच, तोंडाला ठिणगीरोधक जाळी, फांद्या दहा फूट दूर, आणि धुराड्याच्या दगडापासून लाकडी वासे दोन इंच सुटे. पडवीत रचलेली सरपणाची रास छायाचित्रात फार छान दिसते. तिची जागा घरापासून ३० फुटांवर आहे, आगीसाठीही आणि वाळवीसाठीही.

आपणास एक विनंती आहे. अशा घरांवर पुढे मजकूर छापाल तेव्हा छायाचित्राशेजारी पायापासून आढ्यापर्यंतचा एक उभा छेद आणि झाडांचा नकाशा छापावा. लाकूड बसवताना त्यात आर्द्रता किती होती आणि छायाचित्र घर झाल्यावर किती वर्षांनी घेतले, हेही खाली लिहावे. आणि ठेवलेल्या झाडांपैकी आज किती उभी आहेत, तेही.

आपला,
एक स्थापत्य अभियंता